मीठ टाकलेलं आहे

जळगाव
८ जानेवारी १९९५

हिलाल,

खुशाली नंतर विचारतो. तू सहा वर्षं माझ्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे, माझी आठवण अजून शाबूत आहे. पण आज माझ्याकडे अशी बातमी आहे की ती ज्याला सांगावी असा माणूस सगळ्या जळगावात नाही. तो बोदवडला रुसून बसलाय. म्हणून झक मारत हे लिहितो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल-पंक्चरचं दुकान होतं बघ, तिथे जपानी खाणावळ उघडली आहे. होय, जपानी. मी आत्ता तिथूनच जेवून आलोय. हाताला सिरक्याचा आंबट वास येतोय, तो धुवायचं जिवावर आलं म्हणून तसाच लिहायला बसलो.

चालवणारा जपानी नाही, आपला साक्रीकडचा तोताराम. पस्तिशीचा असेल. मुंबईला गेला, तिथून बोटीवर भटारखान्यात लागला, आणि बोट जपानला लागली तेव्हा हा उतरला तो सात वर्षं तिथेच राहिला. कोणा म्हाताऱ्याच्या सहा माणसांच्या दुकानात आधी भांडी घासली, मग भात धुतला, आणि पाचव्या वर्षी म्हाताऱ्याने सुरीला हात लावू दिला. म्हातारा वारला, दुकान मोडलं, हा परत आला. येताना सोबत एक सुरी आणि समुद्री शेवाळाचे काळे कागद एवढंच आणलं. पाटीवर लिहिलंय, ‘तोताराम यांचे सुशी. एका वेळी फक्त सहा जण.’

आत टेबल-खुर्ची काही नाही. एक लांब फळी, फळीच्या अलीकडे सहा स्टुलं, पलीकडे तोताराम. पंगतच म्हण, फक्त समोरच्या ओळीत एकटा आचारी. नवापूरचा चिकट भात शिजवून तो लाकडी काठवटीत उपसतो, त्यावर सिरका शिंपडतो आणि सुपाने वारा घालत बसतो. आपल्याकडे भाताला एवढी सेवा मिळालेली मी पाहिली नाही. मग ओल्या हाताने बोटभर भाताचा मुटका करतो, त्यावर एक पातळ काप ठेवतो, दोन बोटांनी दाबतो आणि तुझ्यापुढे ठेवतो. झालं. त्याला सुशी म्हणतात. तिथे कच्चा मासा ठेवतात म्हणे. इथे तो ठेवत नाही. मी विचारलं तर म्हणाला, जळगावच्या उन्हात तसं केलं तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायला उरणार नाही. तो हतनूर धरणातला मासा कोळशावर भाजून ठेवतो. आणि वांगं.

हिलाल, वांगं. आपलं भरताचं वांगं, तुरकाठीवर भाजलेलं, सोलून त्याची लांब पट्टी कापलेली, वरून काळ्या सोया सॉसचा एक हात. खाली गार, आंबूस भात. मी डोळे मिटले तेव्हा मला बोदवडचं तुझं शेत दिसलं, आपण दोघं काठ्या रचतोय आणि तू धुराला शिव्या देतोयस.

पण त्याआधी माझी फजिती झाली ती ऐक. त्याने पहिला मुटका ठेवला. मी म्हटलं, सगळं वाढून होऊ दे, पान पूर्ण झाल्याशिवाय हात कोण लावतो? तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दुसरा ठेवला, तिसरा, चौथा. पाचवा आल्यावर मी पाचही एकत्र केले, छान चुरले, मध्ये आळं केलं आणि म्हटलं, आण आता तेल. त्याने सुरी खाली ठेवली. शेजारी बँकेतला एक कारकून होता, त्याला ठसका लागला. तोताराम शांतपणे म्हणाला, “नाना, हाई चुरानं नही. मी एक देसू, तुम्ही एक खावानं.” साठ वर्षांचा माणूस मी, तीस वर्षं ज्याने चाखल्याशिवाय आपल्या भागात लग्नाची पंगत बसली नाही, त्याला हे पोरगं जेवायला शिकवत होतं. आणि मी शिकलो, कारण सहावा मुटका मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे खाल्ला.

तर ये. एका विनोदावरून माणूस सहा वर्षं अबोला धरतो का? ‘हिलालच्या घरी जेवायला जाताना पाण्याची घागर घेऊन जा,’ एवढंच तर मी चहाच्या टपरीवर बोललो होतो. हसली चार माणसं. तुझ्या मंगलाच्या लग्नात वरण खारट झालंच होतं, ते मी थोडंच केलं?

सहावं स्टूल कोपऱ्यात आहे, भिंतीला पाठ टेकते. तुझ्या कंबरेला बरं.

मोतीलाल


जळगाव
२३ जानेवारी

हिलाल,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. मी बत्तीस वर्षं टपालात पत्रं निवडली आहेत, नाकारलेलं पत्र आठ-दहा दिवसांत माघारी येतं. म्हणजे तू घेतलंस. घेतलंस म्हणजे वाचलंस. म्हणून पुढचं सांगतो.

दुकानात रोज नवा तमाशा. परवा केळीचे एक व्यापारी आले, पाच मुटके खाऊन झाल्यावर म्हणाले, चाखायचं झालं, आता जेवायला वाढ. काल एकाने शेव मागितली. तोताराम म्हणाला, शेव टाकली तर मी दुकान बंद करून साक्रीला जाईन. तो माणूस बाहेर गेला, पावशेर शेव घेऊन आला आणि खिशातून काढून काढून टाकत राहिला. तोतारामने त्याच्याकडे पाठ केली, पण भात वळायचं काही थांबवलं नाही.

आमच्या कमलला नेलं. आधी तयारच नव्हती. गार भात शिळ्यासारखा, तो पैसे देऊन कशाला खायचा, हे तिचं म्हणणं. तिथे जाऊन अंड्याचा गोडसर थर ठेवलेला मुटका तिने तोंडात टाकला आणि लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. सातव्याला म्हणाली, ह्या पोराचं लग्न झालंय का विचारा. तुला तिचा स्वभाव ठाऊक आहे, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र ती देत नाही.

आणि त्या शेवाळाच्या कागदात काकडी घालून तो सुरळी करतो, तिचे सहा तुकडे. वास पहिल्यांदा वाटतो नको रे बाबा, आणि तिसऱ्या तुकड्याला आपण चौथ्याची वाट बघत असतो. हिलाल, या वयात जिभेला काही नवीन मिळेल असं मला वाटलंच नव्हतं. मी सकाळी उठतो तो आज तो काय करणार या विचाराने. कमल म्हणते, नोकरीवरसुद्धा एवढ्या लवकर कधी गेला नाहीत.

मागच्या गुरुवारी मात्र मी मध्येच उठून आलो. विशेष काही नाही. माझी मिठाची डबी तुला आठवते ना? ती पितळी, बंडीच्या खिशातली, जी काढली की आचारी हात जोडायचे. सवयीने तिथेही काढली. चिमूटभर भातावर टाकलं. तोतारामने तो मुटका माझ्यापुढून उचलला, स्वतः खाल्ला आणि दुसरा करून ठेवला. काहीतरी म्हणाला. मी उठलो. कमलला सांगितलं, पोट बिघडलंय.

तेव्हापासून गेलो नाही. जाईन दोन दिवसांत.

मोतीलाल


जळगाव
२६ फेब्रुवारी

हिलाल,

दोन दिवसांचे चौतीस दिवस झाले. आज गेलो. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो, डबी घरी ठेवून. तोतारामने पहिला मुटका वांग्याचाच दिला. बरं वाटलं रे. महिनाभर मी वरण-भात खाऊन दिवस काढत होतो.

आणि तिथे मला कोण भेटावं? तुमच्या बोदवडचा उखर्डू. तोतारामला वांगी तोच पुरवतो. मला इतके दिवस माहीतच नव्हतं! म्हणजे मी जे वांगं खाऊन डोळे मिटत होतो ते तुझ्या शेजारच्या शेतातलं. उगाच नाही मला तुझं शेत दिसलं. मी उखर्डूला मिठी मारायचंच बाकी ठेवलं होतं. त्याला जबरदस्तीने स्टुलावर बसवलं, दोन मुटके खाऊ घातले. त्याने तेही चुरले, तोतारामने डोक्याला हात लावला.

उखर्डूने बातमी दिली, तुझ्या धाकट्या छबूचं लग्न जमलं. चौदा मे, बोदवडलाच. हिलाल, मला इतका आनंद झाला की मी फळीवर थाप मारली आणि सोयाची वाटी सांडली. ती परकरात लोळणारी छबू! मुलगा भुसावळला रेल्वेत आहे म्हणे, शांत आहे म्हणे. मला पत्रिका येणार नाही, ठीक आहे, पण माझा आशीर्वाद तू अडवू शकत नाहीस.

मग उखर्डूने पुढचं सांगितलं. त्याला वाटलं ही गमतीची गोष्ट आहे. बैठकीत मुलाकडच्यांनी हसत हसत म्हटलं, बाकी आमची काही अट नाही, फक्त मुलीच्या आईने वरणाच्या पातेल्याकडे फिरकू नये. मंगलाच्या सासरचे तिथे होते, ते मोठ्याने हसले. तूही हसलास. आणि म्हणालास, नाही फिरकणार.

भागाबाई वहिनी दाराआड होत्या का? उखर्डूला आठवत नाही. पण तो म्हणाला, बाईने सहा वर्षांत कुणाच्या कार्याच्या चुलीला हात लावला नाही, आणि भाऊबंदांत तिला खारी काकू म्हणतात.

या निळ्या आंतरदेशीय पत्राची जागा संपत आली. जे लिहायचं आहे ते यात मावणार नाही. उद्या पाकीट आणतो.

मोतीलाल


जळगाव
२७ फेब्रुवारी

हिलाल,

पाकीट आणलं. चार कागद घेतलेत. एकही फाडायचा नाही असं ठरवून बसलोय.

त्या गुरुवारी तोताराम मला म्हणाला, “नाना, मीठ टाकेल शे.” बस, एवढंच. त्याचा आवाजही चढलेला नव्हता. पण हेच शब्द मी आधी ऐकले होते, मंगलाच्या लग्नात, वरणाच्या पातेल्याजवळ. तेव्हा वहिनी बोलल्या होत्या, “भाऊ, मीठ टाकेल हाये.” म्हणून मी उठलो. पोटाला काही झालं नव्हतं.

आता सरळ सांगतो. वरण मी खारट केलं.

कनातीमागे दोन चुली होत्या, आठवतंय? आचारी वरणासोबतच्या बट्ट्या तळायला पलीकडे गेला होता आणि वरणाकडे बघायला वहिनींना सांगून गेला होता. मीठ त्यांनीच टाकलं होतं, त्याने मोजून दिलेलं. मी आलो नेहमीच्या थाटात. बाहेर मांडवाच्या दाराशी चार जण उभे होते, मोतीलाल काय म्हणतो ते ऐकायला. मी पळीने घेतलं, चाखलं. आणि हिलाल, वरण बरोबर होतं. मला मीठ कमी लागलंच नव्हतं. हे मी कमललाही कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

पण बरोबर आहे म्हणून बाहेर जायचं म्हणजे मग मोतीलालला बोलावलं कशाला? तीस वर्षांत मी कुठल्या पातेल्याला ‘बरोबर आहे’ म्हटलं ते आठवून बघ. काहीतरी कमी काढायचं, थोडं टाकायचं, ढवळायचं, आणि बाहेर येऊन म्हणायचं, आता झालं. सगळे माना डोलवायचे. त्यावर माझी इज्जत होती. वहिनी म्हणाल्या मीठ टाकलंय. मी हुं केलं. त्या तुपाचा डबा आणायला वळल्या आणि मी मिठाच्या टोपलीतून ओंजळ भरून टाकलं. डबीतलं चिमूटभर नव्हे, ओंजळभर. एवढ्या मोठ्या पातेल्याला चिमूट काय दिसणार?

बाहेर येऊन मी माझं वाक्य बोलणार तोच वाजंत्री आली. वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं करत सगळे धावले, चौघेही गेले. मला कोणी विचारलंच नाही. मी टाकलं हे कोणाला कळलंच नाही. त्या क्षणी मला त्याचा रागच आला होता.

मग पंगत बसली. पहिला घास घेतल्यावर तुझ्या व्याह्याने पान पुढे सरकवलं. एक उठला, दोन उठले, अख्खी ओळ उठली. तू हात जोडत धावत होतास. आचारी म्हणाला, मी बाईंना एकदाच मोजून मीठ दिलं होतं. वहिनी म्हणाल्या, मी एकदाच टाकलं. मग तू माझ्याकडे वळलास आणि विचारलंस, “मोतीलाल, तू चाखलं होतंस ना?”

मी म्हणालो, “मी चाखलं तेव्हा बरोबर होतं.”

यात एक शब्द खोटा नाही, आणि याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. माझ्या त्या वाक्याने सगळ्यांनी मान्य केलं की माझ्यामागे बाईने आणखी टाकलं. तू सगळ्यांसमोर त्यांना बोललास. मी तिथे उभा होतो, खिशात डबी होती. आणि महिन्याभराने टपरीवर मी तो घागरीचा विनोद केला. तो अशासाठी केला की लोकांनी त्यांच्याकडेच बघत राहावं, दुसरीकडे बघू नये. त्यावरून तू माझ्याशी बोलायचं सोडलंस. मला वाटलं, चला, स्वस्तात सुटलो.

सुटलो नव्हतो. त्या दिवसापासून मी एकाही लग्नात चाखायला गेलो नाही. लोक समजतात वय झालं.

आता छबूच्या लग्नातही तेच होणार असेल तर मी गप्प बसू शकत नाही. हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. व्याह्यांना दाखव. ते सोपं वाटलं नाही तर मला सांग, मी येऊन बोलतो.

मोतीलाल


जळगाव
९ मार्च

हिलाल,

उत्तर नाही. शिव्या तरी लिही, पोस्टकार्डावर लिही, पोस्टमनने वाचल्या तरी चालेल.

कमलला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली आणि भाकरी करायला गेली. दहा दिवस झाले, माझ्या जेवणात ती मीठ टाकत नाही. डाळीत नाही, भाजीत नाही, कणकेतसुद्धा नाही. स्वतःचं वेगळं करते. डबी तिने माझ्या ताटाशेजारी ठेवली आहे आणि म्हणते, टाका की, तुम्हाला आवडतं. मी टाकत नाही. अळणी खातोय, आणि खरं सांगू, मला आता डाळीची डाळ लागायला लागली आहे.

दुकानात मी तोतारामलाही सांगितलं. तो मुटका वळत होता, वळून झाल्यावर म्हणाला, त्याच्या म्हाताऱ्या उस्तादाने पाच वर्षांत त्याला फक्त दोनदा विचारलं होतं, कसं झालंय. ज्याला विचारत नाहीत त्याची जीभ मरते, तो म्हणाला. मग त्याने विचारलं, त्या अक्कांना तुम्ही काही विचारलंत का? मी म्हटलं, पत्र हिलालला लिहिलंय. तो म्हणाला, पण मिठाचा आळ तर त्यांच्यावर आला होता ना.

बरोबर आहे पोराचं. बाईला आलेली पाकिटंही मी जन्मभर नवऱ्याच्या नावाने निवडली, तीच खोड.

होळी झाल्यावर येणारा रविवार, १९ तारीख, सकाळी अकरा. मी तीन स्टुलं धरून ठेवतोय. तुझं, वहिनींचं, माझं. वांग्याचा हंगाम संपत आलाय, यानंतर चांगलं वांगं दिवाळीपर्यंत मिळणार नाही. वहिनींना आण. तू माझ्याशी बोलू नकोस, पाहिजे तर भिंतीकडे तोंड करून खा. पण त्यांना आण.

मोतीलाल


जळगाव
१९ मार्च, दुपार

हिलाल,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. ते तुझ्यापुढे जी व्यक्ती धरेल तिला तू परत पाठवू शकणार नाहीस.

सकाळी दहालाच मी कमलला घेऊन दुकानात गेलो आणि दोन स्टुलांवर दोन रुमाल टाकले. बँकेतला कारकून आला, त्याला हाकललं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मी दर मिनिटाला रस्त्यावर जाऊन बघत होतो. तोताराम म्हणाला, नाना, भात गार होत नाही तुमच्या फेऱ्यांनी, बसा. आणि साडेअकराला रिक्षा थांबली, तिच्यातून वहिनी उतरल्या. एकट्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. सगळं पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी रुमाल उचलला आणि स्टूल पुसलं.

त्या बसल्या. पिशवीतून माझी पाचही पत्रं काढून फळीवर ठेवली. म्हणाल्या, तुमच्या भावाने एकही उघडलं नाही. भाऊ म्हणजे तू. तू ती फडताळात टाकत होतास, न वाचता. तू शेतात गेलास की त्या उघडायच्या, वाचायच्या आणि भाताच्या शिताने चिकटवून पुन्हा जागेवर ठेवायच्या. बत्तीस वर्षं टपालात काढून मला हे कळलं नाही की घेतलेलं पत्र वाचलेलं असतंच असं नाही, आणि वाचणारा तोच असतो असंही नाही. तुला ठाऊक होतं का रे, की वहिनी माझ्याहून चांगलं वाचतात?

तोतारामने वांगं भाजायला घेतलं. तो धूर दुकानात भरला तशा त्या जरा सैल झाल्या. त्याचे हात बघत राहिल्या. त्याने मुटका पुढे ठेवला आणि सांगितलं, हाताने उचला, एका घासात. त्यांनी तसंच केलं. चुरला नाही रे, उखर्डू, मी आणि त्या, आम्हा तिघांत त्या एकट्याच शहाण्या. तोताराम वाट बघत उभा राहिला आणि मग त्याने विचारलं, “अक्का, मीठ बराबर शे का?”

हिलाल, त्यांनी घास सावकाश गिळला. कारकून दारातून बघत होता, कमल माझ्यामागे उभी होती. मग त्या म्हणाल्या, “मीठ बराबर हाये. वांगं अजून थोडं भाजाले पायजे व्हतं, देठाजोळ कच्चं राह्यलं.”

तोतारामने वाकून नमस्कार केला, जपानमध्ये करतात तसा. त्याने वांगं तोडून बघितलं, देठाजवळ खरंच कच्चं होतं. मी तेच वांगं दोन महिने खातोय, मला कधी कळलं नाही.

त्यानंतर त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, वहिनी, मी. त्यांनीच बोलणं सुरू केलं. “मी पाह्यलं व्हतं तुमाले. तुपाचा डबा घेऊन वळले त तुमची ओंजळ पातेल्यावर व्हती.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. सहा वर्षं मी लपवत होतो, ते त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

“कोनाले सांगू? मोतीलाल भाऊनं चाखलं म्हनल्यावर माह्या जिभेले कोन विचारते? मले वाटलं, हा मानूस आज नाही त उद्या सांगीन. वाट पाह्यली.”

त्या रडल्या नाहीत. मी रडलो, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. कमल मागून म्हणाली, रडा, तेवढंच मीठ बाहेर जाईल. वहिनी तिच्याकडे बघून हसल्या, आणि मग आम्ही सगळेच हसलो, तोतारामसकट. सहा वर्षांनी त्यांना हसताना बघितलं.

मग मी डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, ही तुम्ही ठेवा, मला तिचा अधिकार नाही. त्यांनी झाकण उघडलं, आतलं मीठ तोतारामच्या बरणीत ओतलं, पदराने डबी आतून पुसली आणि मला परत दिली. म्हणाल्या, रिकामी खिशात ठेवा, हात गेला की कळेल. मी ठेवली आहे. आत्ता लिहितानाही दोनदा हात गेला.

त्यांची अट ऐक. चौदा मेला वरणाच्या पातेल्याजवळ त्या उभ्या राहणार. चाखायला कोणी यायचं नाही. पंगत बसल्यावर, पहिल्या घासाआधी, मी उभा राहून सांगायचं, मंगलाच्या सासरच्यांच्या देखत आणि छबूच्याही. कोणी ओंजळ टाकली आणि कोणी खोटं बोललं. घागरीच्या विनोदासकट. मी कबूल केलं. तुलाही त्यांना काहीतरी सांगायचं असेल, पण ते मी लिहिणं बरं नाही.

त्या आज कमलकडे थांबत आहेत, दोघींचं आत काय चाललंय देव जाणे, मला आत येऊ देत नाहीत. जळगावला जाते एवढंच सांगून निघाल्या म्हणे, कशाला ते तू विचारलंही नाहीस. उद्या सकाळच्या पॅसेंजरने येतील. पाचही पत्रं त्या परत आणतील, ती आता वाच. सोबत तोतारामने तुझ्यासाठी केळीच्या पानात सहा मुटके बांधून दिले आहेत. आज रात्रभर त्याच्या बर्फाच्या पेटीत राहतील, वांगं जास्त भाजून केलेले आहेत, वहिनींनी उभं राहून करून घेतले. चुरू नकोस. एक एक खा.

मी चौदाला येतो. पत्रिका दिलीस तर मांडवात येईन, नाही दिलीस तर दारातून ओरडून सांगेन, माझा आवाज अजून पोचतो. आत घेतलंस तर मला कडेला बसव. पानात डावीकडे मीठ वाढतात, माझ्या पानात वाढू नकोस. वहिनींनी टाकलेलं आहे.

मोतीलाल